सातवा खळगा

आमच्या दांडेवलीच्या मरीनाचं भूमिपूजन आजवर तीनदा झालंय. पहिल्या कोनशिलेवर कोळीवाड्यातल्या बायका जवळा वाळवतात. दगड चांगला गुळगुळीत आहे, लवकर तापतो. दुसरी कोनशिला एका उधाणात वाहून गेली. तिसरी अजून उभी आहे, पण तिच्यावर ज्यांचं नाव कोरलंय ते पाहुणे पुढे एका मुलाखतीत म्हणाले, असा काही प्रकल्प असल्याचं आठवत नाही. मला आठवतं, कारण तिन्ही वेळा हार-नारळ मीच आणवले होते.

मी कुंदा मेहेर. २०२६ साली किनारा विकास मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, तेव्हा टेबलावर आलेली पहिली फाइल ही मरीनाची. आता २०५७ चा मार्च चालू आहे. एकतीस तारखेला मी निवृत्त होतेय आणि फाइल टेबलावरच आहे. लोक नवऱ्यासोबत इतकी वर्षं काढत नाहीत हो. या एकतीस वर्षांत तिचं काय काय झालं नाही! आधी श्रीमंतांच्या शिडाच्या बोटींसाठी मरीना होती, मग फेरीबोटींचं स्थानक झाली, मग वादळात आसरा घ्यायचं बंदर. चार सल्लागार आले, चौघांनी चार नकाशे काढले, आणि प्रत्येकाचं घोडं एकाच ठिकाणी अडलं: गाळ. दांडेवलीच्या खाडीत बोटींसाठी कुठेही मार्ग खणा, दोन पावसाळ्यांत बुजलाच. झालं, भिजत घोंगडं परत भिजायला.

मी मात्र सोडलं नाही. का, ते सांगते. ओहोटीला आमच्या खाडीचं पाणी दीड किलोमीटर मागे जातं आणि उरतो चिखल. होड्या बाहेर अडकतात. मासळी खराब होऊ नये म्हणून बायका मांडीभर चिखल तुडवत होडीपर्यंत जातात आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन परत येतात. मी नववीत असताना आई अशीच पाटीसकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा धड चालली नाही. पुढची आठ वर्षं ओट्यावर बसून तिनं मासळीचे भाव केले, गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या, मला इंजिनियर केलं आणि गेली. मरीनाच्या प्रत्येक नकाशात कोळीवाड्यासाठी एक धक्का राखून ठेवलाय, ओहोटीलाही पाणी असणारा. बाकी सगळं चार वेळा बदललं. तो धक्का मी कुणाला खोडू दिला नाही.

आणि मग तीन वर्षांपूर्वी 'प्रतिखाडी' आली.

तिचं श्रेय फर्झाना मुकादमचं. ही श्रीवर्धनकडची बाई, वय पस्तीस, गाळाच्या शास्त्रात डॉक्टरेट, आणि जिभेला माझ्याइतकीच धार. तिनं खाडीत दोन लाख गाळमणी सोडले. गाळमणी म्हणजे मोहरीएवढा चिनी मातीचा दाणा. खाऱ्या पाण्यावरच चालतो, गाळाबरोबर वाहतो, बसतो, उठतो, आणि आपण किती खोल आहोत, कुठे चाललोय, शेजारी कोण आहे हे कळवत राहतो. तीन वर्षांनी आपोआप विरघळतो. या दोन लाख दाण्यांच्या गप्पा ऐकून मशीन खाडीची हुबेहूब नक्कल तयार करतं. ती नक्कल पुढे पळवता येते. तीन तासांत साठ वर्षांच्या भरती-ओहोट्या, पावसाळे, वादळं, समुद्राची वाढती पातळी, सगळं. तुम्ही आज मार्ग खणलात तर २११० साली तिथं किती पाणी असेल, ते प्रतिखाडी वितीच्या हिशेबात सांगते.

पहिल्याच झटक्यात तिनं मार्ग शोधला. खाडीच्या तोंडाशी एका पट्ट्यात प्रवाह एवढा जोरात आहे की तिथं गाळ बसतच नाही. आणि नशीब बघा, आमच्या जुन्या मासेमारी नकाशात नेमका तोच पट्टा कोरा! तिथं कुणाचीच जाळी नाहीत. मार्ग सरळ त्यातून काढला. मंजुरी मिळाली, पक्का मार्ग दाखल करायची मुदत एकतीस मार्च. मी म्हटलं, बाई गं, सुटलो.

मार्चच्या पहिल्या सोमवारी फर्झाना लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये आली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, तुमच्या कोऱ्या पट्ट्यात अकरा खळगे आहेत."

"कसले खळगे?"

"लाटेत उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकते ना, तसे. पाण्यात खांब उभा केला की प्रवाह त्याच्या बुडाशी खळगा पाडतो. गाळमणी त्यात घरंगळतात आणि गोल गोल फिरतात. आधी मला वाटलं मोजमापात चूक आहे. पण दोन वर्षं तेच. अकरा ठिकाणी खाली काहीतरी रोवलेलं आहे. आणि तुमच्या नकाशात जिथं खांब दाखवलेत ना, तिथं एकही खळगा नाही."

आमच्याकडची मासेमारी डोलीची. डोल म्हणजे मोठं निमुळतं जाळं. समुद्राच्या तळात खुंट रोवायचा, त्याला जाळं बांधायचं आणि तोंड प्रवाहाकडे ठेवायचं. मासळी आपणहून आत येते. सगळी करामत जागेची. प्रवाह जिथं जोरात, तिथं खुंट. खुंटाचं टोक पाण्याखाली, आणि पाणी एवढं गढूळ की वरून उपग्रहालाही दिसत नाही. जागा कळते ती फक्त मालकाला. आमच्या गावात अकरा घरांचे अकरा खुंट.

आणि २०२६ सालचा तो मासेमारी नकाशा मी केला होता. माझ्या हातानं, मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर बसून, अकरा घरच्या कर्त्यांना एकेक करून विचारून. त्यात माझा बापही होता.

त्या संध्याकाळी मी गावात गेले. बा ओसरीवर जाळं विणत होता. वय एकोणऐंशी, दात सगळे, आणि अजून दोन खलाशी घेऊन रोज समुद्रावर जातो. त्याला मुलगा नाही, मी एकटीच.

"बा, तुझा खुंट कुठाय?"

"नकाशात हाय ना. तूच लिवलास."

"तिथं काही नाहीये. मशीननं बघितलंय."

बाने सुई थांबवली. मग हसायलाच लागला. "मशीन हुशार हाय गो तुझी!"

"हसतोस काय? पोटच्या पोरीला खोटं सांगितलंस तू!"

"तुला कुठं सांगितलं? तवा ओट्यावर कोन कोन बसलं व्हतं, आठव. बाजूला नामा वैती, पल्याड कानू तांडेल, आनि खांबाला टेकून शेजारच्या सातघर गावची दोन मानसं. त्यांच्यापुढं खुंटाची जागा सांगू? दुसऱ्या दिवशी त्यांचा खुंट माझ्या तोंडापुढं रोवलेला दिसला असता."

"म्हणजे बाकीचे...?"

"नामानं खोटं सांगितलं. कानूनं बी. मी सगळ्यांच्यात शेवटी, मी काय शानपना करनार?"

मी डोक्याला हात लावला. अकरा माणसं, अकरा थापा, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच हुशार. पुढे दर सात वर्षांनी नकाशा नव्यानं झाला आणि दर वेळी पोरांनी बापाची थाप इमानानं पुन्हा सांगितली. त्या थापांवर चार सल्लागारांनी चार अहवाल लिहिले. जिथं प्रवाह चांगला तिथंच सगळ्यांचे खुंट, म्हणून नेमकी तीच जागा सगळ्यांनी लपवली, आणि मशीनला मार्गही तिथंच हवा. प्रतिखाडीला जे तीन वर्षांत कळलं ते आमच्या लोकांना तीन पिढ्या ठाऊक होतं.

राग आला होता, पण खरं दुखलं ते वेगळंच. खुंटाच्या खुणा बापानं मुलाला सांगायच्या, ही आमची रीत. मुलीला नाही. बाईमाणसानं डोलीच्या होडीत पायसुद्धा ठेवायचा नाही. मी मंडळाच्या बोटीतून अख्खी कोकणपट्टी मोजली, पण बापाच्या होडीत एकदाही बसले नव्हते. आणि मला वाटायचं, निदान नकाशाच्या निमित्तानं तरी त्यानं मला जागा सांगितली. तीही थाप निघाली.

दुसऱ्या दिवशी फर्झानाने प्रतिखाडीला विचारलं: अकराही खुंट जागेवर ठेवायचे, मार्ग कुठून काढू? तिनं चाळीस हजार मार्ग तपासले. एकही चार वर्षांपलीकडे टिकत नव्हता.

"एकेक खुंट काढून बघितला," फर्झाना म्हणाली. "दहा वेळा तेच उत्तर. फक्त सातवा काढला तर वाट मोकळी होते. दोन ठिकाणी वळते, पण साठ वर्षं गाळ बसत नाही."

"सातवा कुणाचा?"

"मशीनला खळगा कळतो, मालक नाही. मॅडम, एक सांगू? खळगे म्हणजे मोजमापातला दोष असं दाखवायचं असेल तर मशीनमध्ये एका चौकटीत खूण करायची. कुणाला कळणार नाही. मी करणार नाही, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

खोटं कशाला बोलू, ती खूण दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दुरुस्त मार्ग एकतीस मार्चपर्यंत दाखल झाला नाही तर मंजुरी जाणार. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा फाइल सांभाळायला मी नसणार. खूण केली तर मरीना होणार, पण अकरा घरांच्या डोली एका उन्हाळ्यात उखडल्या जाणार. त्यांच्याच धक्क्यासाठी त्यांचीच पोटं मारायची? छे!

मी बाला सगळं सांगितलं. जागा खऱ्या सांगितल्या तर नियमानं संरक्षण मिळेल, पण मधला एक खुंट आडवा येतोय, हेही.

"उद्या पहाटं ये," म्हणाला. "चप्पल काढून होडीत चढायचं."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला ते. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, रात्री पहाटेचा गजर तीनदा तपासला.

पहाटे खलाशांनी मान खाली घालून मला जागा दिली. दांडेवलीचे दिवे मागे पडले, उजाडलं. खाडीच्या तोंडाशी बाने इंजिन बंद केलं आणि माझ्या खांद्याला धरून मला वळवलं.

"चर्चच्या माथ्यावरचा क्रूस बघ. त्याच्या बराबर मागं पूर्वी टेकडीवरचा ताड यायचा. टावर झाला नि ताड गेला. आता त्या टावरच्या पंधराव्या माल्यावर कुना बाईची हिरवी गच्ची हाय, ती धर. क्रूस नि गच्ची एका रेषेत. दिसली?"

"दिसली."

"आता डावीकडं. दीपगृह नि त्याच्या मागं पान्याची टाकी. दीपगृहानं टाकी झाकली की थांबायचं. दोन्ही रेषा मिळतात तिथं माझ्या बापाचा खुंट. आता माझा."

"जीपीएस का नाही ठेवत?"

"त्यात लिवलेलं राहतं. कोन पन वाचंल."

मी मोबाइल काढला. त्यात फर्झानाचा नकाशा होता. आमची होडी म्हणजे एक निळा ठिपका, आणि तो बरोबर सातव्या खळग्यावर उभा.

"कितवा?" बाने विचारलं.

"तिसरा," मी म्हटलं. "काही अडचण नाही. तुझा सुरक्षित आहे."

बाने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. खलाशांनी जाळं ओढलं. बोंबील, मांदेली, थोडी कोळंबी, भरपूर निघालं. येताना तो एवढंच म्हणाला, "आज पाटी चांगली भरली गो."

जागा नोंदवायचं काम सोसायटीच्या मागच्या खोलीत झालं. एकेकानं आत जायचं, पडद्यावरच्या खाडीत आपल्या जागेवर बोट ठेवायचं, बाहेर यायचं. जागा मशीनमध्ये बंद राहणार. लोकांसमोर फक्त मार्ग येणार. मी आत बसायचं म्हटलं तर कानू तांडेलचा मुलगा म्हणाला, "ताई, तू गावची. तुझ्यापुढं नाय. ती श्रीवर्धनची बाय चालंल." घ्या! तीस वर्षं ज्यांच्यासाठी झिजले त्यांनी मला दाराबाहेर बसवलं.

बाहेर जी गंमत झाली ती सांगण्यासारखी आहे. प्रत्येक जण येताना इकडेतिकडे बघायचा. नामा वैतीचा मुलगा बर्फाची चौकशी करायला आल्यासारखा आला. दुसरा म्हणे सहज चाललो होतो. दोघं दारात समोरासमोर आले तर एकमेकांना "काय, इकडं कुठं?" आणि दोघांची तोंडं चोरासारखी. सगळ्यात शेवटी बा आला. डोक्याला धुतलेली टोपी. आत गेला आणि मिनिटभरात बाहेर. माझ्याकडे न बघताच गेला.

अठ्ठावीस तारखेला फर्झाना जवळजवळ धावतच आली. "मॅडम, मार्ग मिळाला! दहा खळगे दहा घरांनी सांगितले. सातव्यावर कुणीच बोट ठेवलं नाही. जुना सोडून दिलेला खुंट असेल. वापर नाही म्हणजे संरक्षण नाही. मार्ग त्याच्यावरून जातोय."

"घरं तर अकरा आहेत ना? अकराव्यानं बोट कुठं ठेवलं?"

"एका आजोबांनी भलत्याच जागी ठेवलं. तिथं खळगा नाही, काही नाही. मी दोनदा विचारलं, आजोबा, नक्की? तर म्हणाले, सरकारी नकाशात बघा, एकतीस वर्षं तिथंच लिवलंय."

मी तिच्यासमोरच रडले. ती बिचारी घाबरली, पाणी आणायला धावली.

तीस तारखेला दुपारी मी गावात गेले. बा ओसरीवरच होता, तेच जाळं, तीच सुई.

"पुन्हा खोटं सांगितलंस तू," मी म्हटलं.

"तू पन सांगितलंस, तिसरा म्हनून. खोटं बोलायला तू माझ्याकडनंच शिकलीस, पन नीट शिकली नायस. तुझं नाक लाल व्हतं."

"बा, मी अजून थांबवू शकते. मला जागा माहीत आहे. मी लिहून देते की सातवा खुंट चालू आहे."

"मंग मरीना?"

"जाऊ दे मरीना. एकतीस वर्षं थांबली, अजून थांबेल."

त्यानं सुई खाली ठेवली. मग जे बोलला ते मला माहीत नव्हतं.

"तुझी आय पडली त्या दिवशी मी खुंटावर व्हतो. समोरच. चिखलात मानसं जमलेली दिसली. म्हनलं, कोन तरी पडलंय बिचारं. पानी नव्हतं, होडी जानार कशी? म्हनून जाळं वढत बसलो. चार तासांनी भरतीबरोबर आलो तवा कळलं, ती माझीच बायको." त्यानं टोपी काढली. "तवापासून रोज त्याच जागेवरनं तोच किनारा बगतो. जागा लई चांगली हाय गो. मासळी कंदी कमी पडली नाय. पन आता दुसऱ्या कुनी तिथं बसून असं बगू नये."

मी त्याच्या शेजारी बसले. मग विचारलं, "मग मला होडीतून नेलंस कशाला?"

"कुनाला तरी म्हाईत नको?"

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "आता खुंटाची जागा लिव. आता वाचलं कुनी तरी काय जातंय."

एकतीस मार्चला दुपारी चार वाजता मी दुरुस्त मार्गाचा अर्ज उघडला. फर्झाना शेजारी उभी होती. तेरा रकाने तिनं भरून ठेवले होते. चौदावा होता, 'मार्गावरील जागेचा पूर्वीचा वापर'. २०२६ साली याच रकान्यात मी पेनानं लिहिलं होतं, 'काही नाही'. अक्षर छान होतं माझं तेव्हा.

या वेळी मी लिहिलं: 'दामा काशिनाथ मेहेर यांचा डोलीचा खुंट, दोन पिढ्या. खूण: चर्चचा क्रूस आणि हिरवी गच्ची एका रेषेत, दीपगृहानं टाकी झाकलेली. स्वखुशीनं सोडला.'

फर्झानाने वाचलं. "मॅडम, एवढं सविस्तर लागत नाही या रकान्यात," ती हळूच म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं आणि सही केली.